लाल गाडीचा पिवळा दिवा

शिक्षकाच्या घरात दोन गोष्टी न मागता साठत जातात, खडूचे तुकडे आणि किस्से! खडू निदान रांगोळीला तरी कामी येतात. किस्से मात्र चार माणसं जमली की बाहेर पडतात, आणि ज्याच्यावर ते असतात त्याची बायको तिथेच चहा गाळत उभी असते. ती मी. लोक पोट धरून हसतात आणि मी गाळणीत बघत राहते.

आमचे हे, म्हणजे सावंत सर, नालासोपाऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे. जोडीला इंग्रजीचे लोपीस सर आणि विज्ञानाच्या चुरी बाई. तिघांचा रविवारचा अड्डा गोखिवऱ्याला आमच्या बैठ्या घराच्या ओट्यावर भरायचा. गप्पा शाळेच्या आणि पोहे माझे. मोबाईल नुकते हातात आले होते, तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी अड्ड्यावर चौथा मेंबर दाखल झाला. स्पोर्ट्स कार!

*

ही गाडी माझ्या धाकट्या भावाची. नंदू बोटीवर कुक होता. समुद्रावरची सगळी कमाई घालून त्याने मुंबईतल्या कुणाकडून तरी सेकंडहँड लाल गाडी घेतली. दोन दारं, दोन सीटं, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसताना पाटावर बसल्यासारखं वाटायचं. अख्ख्या माहेराला त्याने ती फिरवून दाखवली. "ताई, एका पैशाचं काम नाही गाडीत!" हे वाक्य तर मावशीच्या नातवंडांनाही पाठ झालं होतं.

बोटीवर जाताना गाडी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावून गेला. "भावोजी, दर रविवारी दहा मिनिटं चालू करा, बाकी काही बघायला नको." तेवढ्यात ह्यांना पुढच्या कप्प्यात एक यंत्र दिसलं. टीव्हीच्या रिमोटपेक्षा जरा जाड, खाली वायर लोंबतेय.

"हे काय रे?"

"ते... स्कॅनर. स्टेअरिंगखाली जोडायचा, गाडीला काय होतंय ते सांगतो. पण लागणार नाही तो."

"असू दे की कप्प्यातच, आमच्याकडे," हे म्हणाले. शिक्षकाला परीक्षा घ्यायचं यंत्र मिळालं, मग तो सोडतोय होय!

निघण्याआधी नंदू काचा वर करून बराच वेळ गाडीत एकटाच बसला. मी काचेवर टकटक केली, तर म्हणाला, "निरोप घेत होतो, ताई." माझे डोळेच भरून आले. मग ओट्यावर येऊन ह्यांचा हात धरून म्हणाला, "तुमच्याकडे आहे म्हणून मला बोटीवर झोप लागेल." पोराने केवढा विश्वास टाकला होता आमच्यावर.

*

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी स्पीडोमीटरजवळ पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी फक्त चावी फिरवली गं!"

अड्डा लगेच गाडीभोवती. स्कॅनर जोडला. लोपीस सरांनी पडद्यावरची अक्षरं धडा वाचावा तशी वाचली. "ऑक्सिजन सेन्सर!" उच्चार असा की गाडीनेही मान डोलवावी.

आता ऑक्सिजन म्हणजे चुरी बाईंचा विषय. त्यांनी चष्मा वर केला, शेडवर नजर टाकली आणि निदान केलं. "ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. इथे हवाच खेळत नाही. गाडी गुदमरतेय!"

माझ्या स्वयंपाकघरातला टेबलफॅन बाहेर आला. स्टुलावर ठेवून गाडीच्या तोंडासमोर लावला. मी आत घामाने निथळत पोहे परततेय आणि बाहेर गाडी वारा खातेय! शेजारच्या काकू कुंपणावरून बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, "भावाची गाडी आजारी आहे का गं?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

*

दिवा काही पंख्याने जाईना. पण यंत्रात खाली एक पर्याय होता, 'इरेज'. आमच्या ह्यांची वर्गातली एक जुनी शिस्त आहे. तास संपला की फळा पुसूनच बाहेर पडायचं, पुढच्या शिक्षकाला आपला पसारा ठेवायचा नाही. तीस वर्षांची सवय ती. वाचून झालं म्हटल्यावर ह्यांनी सवयीने पुसलं.

यंत्र लांब 'टींऽऽ' वाजलं. दिवा गेला!

"बरी झाली!" चुरी बाईंनी टाळ्या वाजवल्या. लोपीस सरांनी छातीवर क्रूस काढला. पुढच्या रविवारी दिवा पुन्हा हजर. पुन्हा वाचन, पुन्हा 'टींऽऽ'. मग तो नेमच होऊन बसला. देवाला फूल, तुळशीला पाणी, गाडीला टींऽऽ! पुढे पुढे तर वाचायचंही बंद झालं. चहा उकळेपर्यंत हे पुसून मोकळे.

*

शेवटी मीच आग्रह धरला तेव्हा असल्या गाड्यांचा एक मेकॅनिक अंधेरीहून आला. गॉगल, लॅपटॉप, सगळा थाट. त्याने त्याचं यंत्र जोडलं. पडद्यावर काही नाही. पुन्हा जोडलं. काही नाही.

"इसमें तो एक भी कोड नहीं है, सर. लाईट कब लगी थी?"

"सकाळीच," हे अभिमानाने म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून पुसून ठेवला."

त्याने गॉगल काढला. "पुसून? क्यूं?"

"अहो, दुसऱ्याच्या तासाला फळा स्वच्छ नको?"

त्याने गॉगल चढवला, लॅपटॉप मिटला. "अगली बार लाईट लगे तो हाथ मत लगाना, सीधा फोन करना." पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा शेजारच्या काकू कुंपणाशीच उभ्या होत्या. त्यांना दिसू नये म्हणून ह्यांनी आधी पुसलं आणि मग मेकॅनिकला फोन केला. तो काय येतोय परत!

*

नंदूचा कुठल्याशा बंदरातून फोन आला. आवाज तुटत होता. "भावोजी, गाडी कशी आहे?"

आमचे हे म्हणजे अर्धा मार्क फुकट न देणारा माणूस. स्वतःच्या पुतण्याला चौतीसवर नापास केलं होतं आणि त्यापायी दोन वर्षं गणपतीला भावाच्या घरी गेलो नव्हतो आम्ही. त्या माणसाने माझ्याकडे पाठ केली आणि फोनवर सांगितलं, "ठणठणीत आहे!"

मला त्यांची लाज वाटली आणि फोन ओढून घेतला नाही म्हणून माझीही वाटली. आपल्या हातून पोराची गाडी बिघडली, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? रात्री जेवणात त्यांनी मीठ मागितलं नाही, आमटी अळणी होती तरी.

त्या वर्षी सहामाहीच्या पेपरात सावंत सरांनी काठावरच्या सगळ्या पोरांना पास केलं. स्टाफरूममध्ये चुरी बाईंनी विचारलं म्हणे, "सर, डॉक्टरला दाखवलंत का?"

*

नंदू आला तो साखरपुड्याच्या तोंडावर. मुलगी विरारची, मनवेलपाड्याची. तो म्हणाला, "लाल गाडीतूनच जाणार!" सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा शेडमधून 'टींऽऽ' ऐकू आलं. मी देवापुढे बसले होते, तिथेच डोळे मिटून घेतले.

अड्डा नटूनथटून हजर होता. नंदूने गाडी चालू केली, इंजिन गरम होऊ दे म्हणून तो बाहेर उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भावोजींनी गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली!" आणि दाराशीच उभ्या असलेल्या ह्यांच्या पायाशी वाकला.

आणि त्याच क्षणी दिवा लागला. मी बघितला, चुरी बाईंनी बघितला, लोपीस सरांनी तर डोळेच मिटले.

ह्यांनी उजवा हात नंदूच्या डोक्यावर ठेवला. "यशस्वी हो." आणि डावा हात खिडकीतून आत घालून चावी बंद केली.

नंदू उठला. "गाडी बंद झाली?"

"पेट्रोल किती महाग झालंय, बाबा!" लोपीस सर म्हणाले.

नंदूने ह्यांच्याकडे बघितलं, चावीकडे बघितलं, आणि गाडीत जाऊन बसला. साखरपुड्याचा पेढा मी तसाच रुमालात बांधून घरी आणला. घरी आल्यावर मी ह्यांना बजावलं, "तो बोटीवर जायच्या आत खरं सांगा. नाहीतर मी सांगणार."

*

सांगू सांगू म्हणता जायचा दिवस उजाडला. गाडी पुन्हा आमच्याच शेडमध्ये राहणार होती. हे सकाळपासून ओट्यावर येरझारा घालत वाक्य पाठ करत होते. "नंदू, एक चूक झाली आहे... नंदू, माझ्या हातून..." गणिताच्या मास्तरांना भाषेचा पेपर जड जात होता. लोपीस सर आणि चुरी बाई धीर द्यायला आले होते, पण दोघांनाही चहा जाईना.

नंदू शेडमध्ये होता. काचा वर करून गाडीत एकटाच बसलेला, गेल्या वेळेसारखा.

मला ह्यांची दया आली. म्हटलं, आपला भाऊ, आपणच सांगून टाकावं. लाडवांचा डबा घेतला आणि शेडकडे गेले. काचेवर टकटक करायला हात उचलला, तेवढ्यात आतून आवाज आला. लांबलचक.

'टींऽऽ'.

नंदूने दचकून वर बघितलं. मांडीवरचं काहीतरी घाईघाईने पुढच्या कप्प्यात सारलं आणि काच खाली केली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"निरोप घेत होतो, ताई."