रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी

संघटनेची पत्रकं लिहून लिहून मला एक सवय लागली आहे: आधी आरोप, मग बाकीचं. तर आरोप असा. चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या मागं एक विहीर आहे, आणि तिच्या पाण्यात काय उतरलंय हे न विचारण्याची लाज कुणालाच वाटत नाही.

विहीर ज्या मावशींची, त्यांचं घर पूर्वी मेंढ्या राखणारं. आता मेंढ्या गेल्या, चार शेळ्या उरल्या, मुलगा कंपनीत रोजावर जातो. सुनेचं पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तसं मावशींनी तिला वेरूळकडं माहेरी धाडून दिलं. मला त्यांनी विचारलं ते एवढंच, "पाण्यात काय हाय तेवढं सांग बाई. सुनेला परत आणू का नको?"

वास मी स्वतः घेतला होता. काठावरून वाकलं की गोडसर, नखं रंगवायच्या बाटलीसारखा. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, तोच.

तपासणीसाठी मी त्यांना तपकिरी काचेच्या बाटल्या दिल्या. "काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, सकाळी न्यायला येते." सकाळी बाटल्या तयार होत्या, झाकणं घट्ट, ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीला ठेवलेल्या. इतकं नीट काम आमच्या संघटनेतली पोरंही करत नाहीत.

निकाल आला: काही आढळलं नाही. मी मावशींना फोनवर सांगितलं, वर हेही सांगितलं की प्रयोगशाळावाले विकले गेलेत, आणि दुसऱ्याच दिवशी तिथं भांडायला गेले.

तपासणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. "किती घेतले, हेच विचारायला आलात ना?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून एक चहा घेतलाय, तोही पदरचा. या, दाखवते."

रबरी बूच लावलेली बोटाएवढी कुपी त्यांनी हातात दिली. अर्धी पाण्यानं भरलेली, अर्धी रिकामी. कुपी तापवतात. पाण्यात उडून जाणारं जे काही असेल ते वरच्या रिकाम्या जागेत येतं. मग सुई बूच टोचून आत शिरते आणि ती हवा तेवढी उचलते. "यंत्राला आम्ही पाणी देतच नाही. पाण्यातून जे उठतं ते देतो." पुढं लांबलचक बारीक नळी, मग एक निर्वात कप्पा. तिथं तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन त्या रेणूंवर आदळतात, रेणूवर विद्युतभार येतो, त्याचे तुकडे होतात. तुकड्यांची वजनं बघून ओळखायचं की मूळ कोण होतं. भार नसलेलं यंत्राला दिसतच नाही.

ओळख पटवायची तर आधी मोडावं लागतं, आणि मोडायला ते हाती तर लागायला हवं.

"पाणी उपसलं कधी, बाटलीत भरलं कधी?" मॅडमनी विचारलं. मला माहीत नव्हतं.

मी रिक्षा करून जालना रोडनं मावशींकडं गेले. अंगणात सून बाजेवर बसून लसूण सोलत होती. पोट दिसायला लागलेलं.

"हिला कधी आणलं?"

"तूच म्हणलीस ना, काय सापडलं नाय. पोरगा लगेच गेला आणायला."

"मी म्हणाले ते विकले गेलेत!"

"ते तू समद्यांनाच म्हणतीस."

मी विचारलं, बाटलीत पाणी भरलं कसं. मावशींनी बाजेशेजारच्या घंगाळाकडं बोट केलं. रुंद तोंडाचं, जुनं. "रोजच्यासारखं. सांजच्याला उपसायचं, ह्याच्यात रातभर उघडं ठिवायचं. वास निघून जातो. मग फडक्यानं गाळून बाटलीत भरलं."

"पण मावशी, विहिरीचं भरायचं होतं!"

"ती तपासणारी बाई चव घेऊन बघणार. तिला वासाचं पाणी पाजू व्हय? लोक काय म्हणतील?"

सून हसली. मला हसता येईना. घंगाळाच्या एका अंगाला सुनेची बाज, दुसऱ्या अंगाला शेळ्या बांधलेल्या. वास निघून जातो, व्हय. पण जातो कुठं? कारखान्यानं पाण्यात सोडलेलं या घरानं आपल्या हातानं पाण्यातून काढून हवेत सोडलं होतं, रोज, आपल्याच उशाशी. ही रीत यांना कुणी शिकवली? ज्यानं कारखान्याच्या सांडपाण्याचा नाला विहिरीकडं वळवला त्यानं.

नवा नमुना मी दोरीला बाटली बांधून विहिरीतूनच घेतला, जागेवरच झाकण लावलं. या वेळी पडद्यावर उंच सुळका उठला. कारखान्यात यंत्रं धुवायचं रसायन, मॅडम म्हणाल्या, शंकाच नको. पत्रकाची पहिली ओळ मिळाली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. कोण, किती, शिक्षा काय, काही विचारलं नाही. सुनेची पिशवी भरली, मुलाला गाडी काढायला लावली. मग अर्धं भरलेलं घंगाळ दोन्ही हातांनी उचलून अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाशी नेऊन ठेवलं आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"वारं कुणीकडनं वाहतंय गं?" त्यांनी विचारलं.

कुंपणापलीकडं शेजारणीचं पोरगं बाजेवर झोपलं होतं. मी पदर वर धरून बघितला. तो तिकडंच उडत होता.