लेकिन म्हणजे खेळणं

माझा जन्म लीड्सचा. इंग्लंडच्या उत्तरेकडचं, यॉर्कशायरमधलं, जुन्या गिरण्यांचं शहर. आईबाबा साताऱ्याहून तिथे गेलेले; बाबा डॉक्टर होते. लग्न होऊन मी शिकागोजवळ नेपरव्हिलला आले त्याला आता बावीस वर्षं झाली, तरी इथल्या मराठी मंडळात मी अजून ‘लंडनवाली’च आहे. लंडनला मी उभ्या आयुष्यात चारदा गेले असेन.

अमेरिकन लोकांना माझं बोलणं आवडतं. “किती गोड बोलता,” म्हणतात, आणि मग विचारतात, “पण मूळच्या कुठल्या?” मी लीड्स सांगते. “हो, पण त्याआधी?” त्याआधी मी नव्हतेच.

सुरुवातीला एकदा मी इथल्या ब्रिटिश मंडळींच्या चहापानाला गेले होते. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या केंटहून आलेल्या एका बाईंनी मला यॉर्कशायर पुडिंग म्हणजे काय ते अगदी प्रेमाने, सविस्तर समजावून सांगितलं. अंडी किती, दूध किती, तेल किती कडकडीत हवं. आमच्या घरी ते दर रविवारी व्हायचं, आणि आई त्यात जिरं घालायची. मी सगळं ऐकून घेतलं, थँक यू म्हटलं आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही.

मग मी आवाज बदलायला शिकले. कामावर अमेरिकन वळणाचं, मंडळात जमेल तसं शुद्ध मराठी, आणि लीड्सचं बोलणं फक्त शनिवारी, तिकडे राहणाऱ्या दादाशी फोनवर.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर ज्यांची वाचा जाते किंवा अडखळते त्यांना पुन्हा बोलतं करणं हे माझं काम. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमच्या रिहॅबमध्ये एक्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ आले. कारखान्यात मशिनिस्ट म्हणून काम करून रिटायर झालेले, बायको गेलेली, एकच मुलगी. त्यांची पहिली तपासणी माझ्या सहकारी मैत्रिणीने केली आणि ती सुट्टीवर गेली, म्हणून सोमवारी फाइल माझ्याकडे आली. तिने लिहिलं होतं: वस्तूंची नावं चुकतात, वाक्यरचना विस्कळीत, गोंधळलेले वाटतात. घरी एकट्याने राहणं शक्य दिसत नाही. कायमची देखभाल करणाऱ्या केंद्रात पाठवावं का, हे गुरुवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं.

कॉरिडॉरमध्ये आमची हैदराबादची नर्स भेटली. “दीदी, तुमचा नवा पेशंट हिंदी बोलतो,” ती म्हणाली.

“काहीतरीच.”

“खरंच. मुलं खेळतायत ते चित्र दाखवलं की ‘लेकिन, लेकिन’ म्हणतो. पुढे काही बोलतच नाही.”

मी चालता चालता थांबले. लीड्समध्ये, विशेषतः जुन्या माणसांच्या तोंडी, खेळण्याला ‘लेकिन’ म्हणतात. शाळेत असताना शेजारच्या आजी खिडकीतून हाक मारायच्या, पोरींनो, किती वेळ लेकिन चाललंय तुमचं.

मी त्यांच्या खोलीत गेले. ते खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसले होते, उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. मी दारातूनच म्हटलं, “ना देन.” आमच्याकडे भेटल्यावर हेच म्हणतात, ‘काय, कसं काय’ म्हणावं तसं. अमेरिकेत परक्या माणसाशी मी हे कधीच बोलले नव्हते.

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नीट पाहिलं.

“कुठली गं तू?” त्यांनी अडखळत, पण अस्सल आमच्या बोलीत विचारलं.

“लीड्स.”

“लीड्समध्ये कुठं?”

“हेअरहिल्स.”

“मी हन्स्लेटचा,” ते तसेच अडखळत म्हणाले. “नदीच्या पलीकडचा. म्हणजे तू जरा बऱ्या वस्तीतली.”

एवढंच. ‘त्याआधी कुठली’ हे त्यांनी विचारलं नाही, आणि पुढेही कधी विचारलं नाही. मी खुर्ची ओढून बसले. तपासणीला उशीर झाला खरा. आम्ही आधी बराच वेळ बसच्या रूट्सबद्दल बोलत होतो.

मग मी चित्रांची तीच कार्डं पुन्हा काढली. गोळ्या-चॉकलेटांच्या चित्राला ते म्हणाले ‘स्पाइस’. फाइलमध्ये हे उत्तर चूक होतं, पण आमच्या भागातले म्हातारे गोळ्यांना स्पाइसच म्हणतात. घरांमधल्या बोळाला ‘गिनल’, गोल पावाला ‘ब्रेडकेक’. कामाची वेळ विचारली तर ‘नऊ ते पाच’ला त्यांनी ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हटलं, म्हणून वाक्यरचना विस्कळीत. लीड्सला सगळे असंच म्हणतात. काही चुका मात्र खऱ्याच होत्या. कंगव्याला चमचा म्हणाले, घड्याळाला काटा. स्ट्रोकने काही नेलंच नव्हतं असं नाही. पण विसातली सहाच उत्तरं खरोखर चुकली होती, फाइलमध्ये लिहिली होती तशी चौदा नव्हे.

“हे बोलणं इतकी वर्षं कुठे होतं?” मी विचारलं.

त्यांनी तुटक तुटक शब्दांत सांगितलं. अमेरिकेत आले तेव्हा कारखान्यात सगळे त्यांच्या बोलण्याला हसायचे. वर्षभरात ते टीव्हीवरच्या माणसांसारखं बोलायला शिकले. बायको इथलीच. मुलीने त्यांचं जुनं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं.

मला बाबा आठवले. त्यांना स्ट्रोक आला आणि लीड्सच्याच हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तीस वर्षं ज्या भाषेत पेशंट तपासले ती इंग्रजी त्यांना सोडून गेली, मराठी तेवढी राहिली. नर्स म्हणाली, ते नुसतं बरळतायत. ते म्हणत होते, “उशी सरळ कर.” मी सांगितलं, तिने लगेच उशी सरळ केली आणि बाबांना झोप लागली. त्या दिवशी मी कोण व्हायचं ते ठरलं.

गुरुवारी मीटिंगला डॉक्टर, केस मॅनेजर, पेशंटची मुलगी आणि व्हीलचेअरवर ते स्वतः होते. मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि रास्त प्रश्न विचारला. “तुम्ही त्यांच्या गावच्या. तुम्हाला अर्थ लागतो, पण त्यांना तो म्हणायचा होता कशावरून? तुम्ही त्यांना झुकतं माप देत नसाल कशावरून?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. पेशंटची आणि मुलीची परवानगी मी आधीच घेतली होती. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो तिकडे शाळेत गणित शिकवतो. शाळा नुकतीच सुटली होती.

“काय गं, कामाच्या वेळेत फोन?”

“दादा, काही विचारू नकोस. चित्र दाखवते, आपल्याकडे म्हातारी माणसं याला काय म्हणतात तेवढं सांग.”

पेशंटबद्दल त्याला मी एक अक्षर सांगितलं नव्हतं. डॉक्टर स्क्रीनकडे बघत होते. लीड्सचा माणूस म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर दादासारखा चेहरा आला नसावा. मी पहिलं कार्ड धरलं.

“स्पाइस,” दादा म्हणाला.

पुढचं कार्ड. “गिनल.” पुढचं. “ब्रेडकेक. हे काय, परीक्षा आहे का?”

डॉक्टर फाइलमध्ये एकेका उत्तरापुढे टिक करत होते. मुलं खेळतानाचं कार्ड मी शेवटी ठेवलं होतं. दादाने एक क्षण बघितलं.

“लेकिन,” तो म्हणाला.

मुलीने तोंडावर हात धरला. ती रडते आहे असं वाटलं, पण ती हसत होती. आणि व्हीलचेअरवरून तिचे वडील, आठवड्यात पहिल्यांदाच एक अख्खं वाक्य न अडखळता बोलले: “त्याला विचार, हन्स्लेटला चर्चच्या कोपऱ्यावरचं मासे-चिप्सचं दुकान अजून आहे का.”

दुकान होतं. दादा तिथेच दर शुक्रवारी जायचा. दोघं पाच मिनिटं बोलत राहिले आणि आम्ही बाकीचे ऐकत राहिलो. केस मॅनेजरला त्यातलं काहीच कळलं नाही, पण ती म्हणाली, “हे दोघं एकमेकांना समजतायत, एवढं मला कळतंय.”

डॉक्टरांनी केंद्राचा कागद बाजूला सारला. “सहा आठवडे थेरपी. मग घरी,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, “या परीक्षेत मी नापास झालो असतो.”

त्या सहा आठवड्यांत कंगवा परत आला, घड्याळ आलं, उजव्या हाताची बोटं हलू लागली. मुलगी रोज एक शब्द लिहून न्यायची आणि फ्रिजवर लावायची. सुट्टीवरून परतलेल्या माझ्या मैत्रिणीने ती कार्डं माझ्याकडून पुन्हा शिकून घेतली. आता आमच्या तपासणीच्या फॉर्मवर एक नवी ओळ आहे: लहानपणी घरी आणि गल्लीत कसं बोलत होता? ती ओळ माझी आहे. मीही कामावर आवाज बदलणं सोडलंय. पहिल्या आठवड्यात दोघांनी विचारलं, तुम्ही अशा का बोलताय. मी म्हटलं, मी अशीच बोलते.

घरी जायच्या दिवशी ते वॉकर धरून स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आले. तोवर त्यांचं अमेरिकन बोलणंही परतलं होतं. डॉक्टरांचे आभार त्यांनी त्यात मानले, अगदी स्वच्छ, बातम्या द्याव्यात तसे. मग मुलीने गाडीचं दार उघडलं, ते माझ्याकडे वळले आणि हन्स्लेटच्या भाषेत निरोप घेत म्हणाले, “ता-रा, लव्ह.”

“ता-रा,” मी म्हटलं, सगळ्या लॉबीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.