घाण्याला जुंपलेला माणूस

त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. इंग्रज अजून होते. तिरोड्याच्या बाजारात तेल्याचा बैल चालता चालता घाण्याशीच बसला. जवसाचं तेल घ्यायला आलेल्या या परक्या माणसानं बैलाला सोडलं, जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि मान खाली घालून गोल फिरू लागला.

"अरे, तू काऊन फिरून राहिला?" मी ओरडलो.

"सवय हाय. सरकारी जंगलातलं गवत कापलं, तं जेलात घाण्याले जुंपलं. तिथं बैल नोहोता, आमीच होतो."

तेली घाबरून म्हणाला, "बस कर, बाबा."

तो थांबला. जेलात झडतीला बसावं तसा तेल्यासमोर उकिडवा बसला आणि तोंड उघडून त्यानं जीभ बाहेर काढली.

"हे कायले?" तेल्यानं विचारलं.

"पाहून घ्या, मालक. तेल चाटलं नाई."