भेंडीचं टोक

मंडईच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत. शेजारच्या सुमनकाकूंची बॅटरीवर चालणारी खुर्ची आज सकाळी तिथं अडलेली दिसली. पाठीमागून रिक्षा अगदी चाटून जात होत्या.

"दोनच बोटांनी अडतंय बघ," मला पाहून त्या म्हणाल्या.

मंडईत मोटारसायकली घुसतात म्हणून खांब लावा, असा अर्ज घेऊन मीच घरोघरी फिरले होते. पहिली सही काकूंची होती. तेव्हा त्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तरातरा चालत यायच्या.

त्यांना ओळखून भाजीवाल्या शांताबाई आतून पिशवी घेऊन आल्या. "काकू, अर्धा किलो भेंडी. एकेक निवडून घातलीये."

भाजी काय, कुणीही घरी आणून देतं. पण ढिगात हात घालायचा, टोक मोडून बघायचं, "ही नको गं, ती दे" म्हणून उगाच वाद घालायचा, हे कोण आणून देणार? मंडईत गेल्यासारखं वाटतं ते त्यानंच.

काकूंनी पिशवीतली एक भेंडी काढून टोक मोडलं. कट्‌कन मोडलं. दुसरीचंही तसंच.

"कोवळी आहे की नाही?" शांताबाईंनी विचारलं.

"आहे की." काकू खांबांपलीकडच्या हिरव्या ढिगाकडे बघत राहिल्या. "एखादी तरी जून निघायला हवी होती गं. माझ्या हातानं बाजूला टाकली असती."