चाळणीतलं एक फूल

कुड्याच्या फुलांची भाजी जिनं केली तिनं आधी एक घास खायचा, घटकाभर थांबायचं आणि मगच घरच्यांना वाढायचं, ही माझ्या सासूबाईंची रीत. लग्न होऊन आले तेव्हा मला तो हावरटपणा वाटायचा.

आज मी तसाच एक घास खाल्ला आणि चाळणी विसळायला घेतली. तळाशी एक फूल चिकटलेलं होतं. पांढरंच, पण पाकळ्या जाड, आणि कुड्याचा तो गोडसर वास नाही. टेकडीवरून फुलं मीच खुडून आणली होती, गप्पांच्या नादात. मी चाळणी तशीच खाली ठेवली. अशी आणखी किती कढईत गेली असतील?

प्रत्येक रानफुलाचा पहिला घास कुण्या बाईनं असाच घेतला असेल, पोटावर हात ठेवून, दाराकडे बघत. जिला काही झालं नाही, तिच्या फुलाची भाजी झाली. जिला बाधलं, तिचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही.

"अगं, वाढ की," हे पाटावर बसत म्हणाले. मी ते फूल यांच्यापुढे धरलं. यांनी हुंगलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"कुड्याचंच आहे. पाण्यानं फुगलंय, वास गेलाय. उगाच घाबरतेस." आणि मी नको नको म्हणेपर्यंत कढईतली चिमूटभर भाजी तोंडात टाकली.

मला इतकं बरं वाटलं, की रडूच आलं.

दुसरा घास मात्र यांनी घेतला नाही. माझ्याशेजारी येऊन बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले.