बिनरंगाची गाडी

बेल्ह्याच्या बैलबाजाराकडे वळणाऱ्या रस्त्याला बदरुद्दीन पेंटरची शेड आहे. वर पत्रा, तीन बाजू उघड्या, चौथ्या बाजूच्या भिंतीवर सगळ्या रंगांचे हात पुसलेले. त्या भागातल्या टेंपोंच्या आणि ट्रकच्या फाळक्यांवर जी अक्षरं दिसतात, त्यातली निम्मी त्याच्या हातची. अक्षराला सावली द्यावी ती बदरुद्दीननंच, असं लोक म्हणायचे आणि त्यालाही ते माहीत होतं. त्यानं काढलेल्या बैलाचे डोळे बघून बाजारातले व्यापारी थांबत. पन्नाशी उलटली तरी त्याचा हात हलत नव्हता.

त्याचं सगळ्यात मानाचं गिऱ्हाईक म्हणजे लोणीच्या साळुबाई. त्यांचा दुधाचा धंदा मोठा. आसपासच्या गावांतून दूध गोळा करायचं आणि पुढं पाठवायचं. नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीनं वाढवला होता. दर दसऱ्याच्या आधी त्यांच्या गाड्या बदरुद्दीनकडे यायच्या आणि नव्या होऊन जायच्या. दसऱ्याला पूजा झाली की साळुबाई त्याला पडवीत बसवून जेवू घालायच्या. या गोष्टी तो घरी बायकोला, जोहराबीला, दरवर्षी नव्यानं सांगायचा.

म्हणून साळुबाईंनी दुधाचा नवा टँकर घेतल्याचं कळलं, तेव्हा त्यानं बोलावण्याची वाट पाहिली नाही. चौकटी आखलेला कागद घेतला, रंगाचे नमुने घेतले आणि लोणी गाठलं. अंगणात गाडी उभी होती. केबिनचा कंपनीचा पांढरा रंग सोडला तर मागं सगळं स्टेनलेस स्टील. टाकी, बाजूचे पत्रे, मडगार्ड, शिडी, बंपर, सगळं उघडं आणि लखलखीत. बदरुद्दीननं गाडीभोवती एक फेरी मारली आणि हवं तसं मोठं अंग मिळालं म्हणून मनात खूश झाला.

साळुबाई पडवीतून उतरून आल्या. त्याच्या हातातला कागद बघून त्यांनी मान हलवली.

"बदरूभाऊ, हिला रंग न्हाई लावायचा. दरसाल दूध सांडतं, आंबतं, रंगाला फोड येत्यात. वरून झ्याक आन् आत गंज. आता जे हाय ते उघडं दिसू दे."

त्या साधं बोलल्या होत्या. पण वरून झ्याक आणि आत गंज, हे त्याला आपल्या उभ्या जन्माच्या कामाबद्दल बोलल्यासारखं लागलं. कागदाची गुंडाळी करत त्यानं एवढंच विचारलं की मग हिची निगा कोण राखणार, स्टीलवर तर बोट लावलं तरी डाग पडतो. साळुबाई म्हणाल्या की त्याची सोय झाली आहे. जुन्नरची रुबिना येणार आहे.

रुबिना म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, अमनची बायको.

जुन्नरच्या बाजारपेठेत अमनचं भांड्यांना बफ मारून चकाकी द्यायचं दुकान होतं. अमनची कंबर धरली आणि त्याला उभं राहवेना, तेव्हा रुबिना बफच्या चाकापाशी उभी राहिली. तिच्या बापाचा धंदाही भांड्यांचाच होता. साळुबाईंचे दुधाचे कॅन तिच्याकडे यायचे. पुढं पिंपरीला स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात जाऊन तिनं मोठ्या पत्र्याची निगा कशी राखतात तेही बघून घेतलं. हे सगळं बदरुद्दीनला माहीत होतं आणि आजवर त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. भांडी घासणारी माणसं वेगळी आणि चित्र काढणारी वेगळी, असं त्यानं मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

रुबिना आठवड्यातून एकदा एसटीनं लोणीला जाऊ लागली. बदरुद्दीनही काही ना काही निमित्त काढून त्या दिवशी तिकडे डोकावू लागला. ती आधी नुसतं पाणी सोडायची, धूळ वाहून जाऊ द्यायची. कोरड्या पत्र्याला हात लावायचा नाही, कारण धुळीनंच ओरखडे पडतात. मग साध्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. त्या स्टीलच्या अंगावर केसासारख्या बारीक रेघा होत्या, सगळ्या एकाच दिशेनं. तिचा हातही त्याच दिशेनं जायचा, गोल कधीच नाही. लोणीच्या बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचं पाणी ती गोड्या विहिरीचं मागायची आणि गाडी उन्हात वाळायच्या आत कोरडी पुसून काढायची.

काम झालं की साळुबाई तिला खुर्ची द्यायच्या. कपबशीत चहा यायचा. बदरुद्दीनला आठवलं की आपण इतकी वर्षं त्या पडवीत पोत्यावर बसलो. त्याला कधी कुणी कमी लेखलं नव्हतं, हातपाय रंगानं भरलेले असायचे म्हणून तो स्वतःच पोतं ओढून घ्यायचा. पण खुर्ची पाहिल्यापासून ते पोतं त्याला टोचायला लागलं.

बाजाराच्या दिवशी तो टँकर बेल्ह्यातून जायचा, तेव्हा तर त्याचा जीव वरखाली व्हायचा. बैलांचे व्यापारी बोलता बोलता वळून बघायचे. कुणी त्या टाकीत बघून टोपी सारखी करायचं. शेडच्या दारातच त्यानं नुकताच रंगवलेला टेंपो उभा असायचा, त्याच्या फाळक्यावर जिवंत वाटावी अशी बैलजोडी असायची आणि तिच्याकडे कुणाची नजर जायची नाही. बदरुद्दीन हातातल्या कामाकडे बघत म्हणायचा, भांडं आहे ते, चाकावरचं भांडं. ऐकणारे हसायचे आणि पुन्हा गाडीकडे बघायचे.

ईदला अमन आणि रुबिना बेल्ह्याला आले. जेवताना जोहराबीनं कौतुकानं विचारलं की एवढी मोठी गाडी एकटी कशी सांभाळतेस. रुबिना सांगत बसली. ब्लीचिंग पावडर लावू द्यायची नाही, त्यानं स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि लोखंडाची घासणी किंवा तारेचा ब्रश तर जवळही आणायचा नाही. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात, त्यांना गंज चढतो आणि चांगलं स्टील गंजल्यासारखं दिसतं. जोहराबी ऐकतच राहिली. बदरुद्दीन खाली मान घालून जेवत होता. लक्ष नसल्यासारखं त्यानं दोनदा रस्सा वाढून घेतला. पण त्यातला शब्दन् शब्द त्याच्या डोक्यात राहिला.

पावसाळ्यानंतर रस्त्यांची डागडुजी सुरू झाली होती. एके दिवशी दुपारी साळुबाईंचा ड्रायव्हर गोरख टँकर घेऊन शेडपाशी थांबला. ओल्या डांबरातून गाडी गेली होती आणि मडगार्डच्या वर, टाकीच्या बाजूला डांबराचे काळे शिंतोडे चिकटले होते. दुसऱ्या दिवशी घोडेगावला दूधवाल्यांची सभा होती आणि साळुबाई ही गाडी तिथं मिरवणार होत्या. रुबिनाची मुलगी रूही तापानं फणफणली होती, त्यामुळे येता येणार नाही असं तिनं आधीच कळवलं होतं. डांबर कशानं काढायचं ते विचारायला गोरखनं तिला फोन लावून पाहिला होता, तो लागला नव्हता. चाचा, काहीतरी द्या, एवढं काळं काढायचंय, असं तो म्हणाला.

बदरुद्दीनच्या उजव्या हाताशी टर्पेंटाइनचा डबा होता. फडक्यावर घेऊन दोनदा फिरवलं असतं तर डांबर लोण्यासारखं सुटलं असतं. त्यानं डब्याकडे पाहिलंसुद्धा. मग चॅसीचा गंज खरवडायचा तारेचा ब्रश खिळ्याला टांगला होता, तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तो घे की."

आणि पाठ फिरवून तो अक्षरं काढत बसला. मागून खरखर ऐकू येत होती. आपण तर हातही लावलेला नाही, असं तो स्वतःला समजावत होता. त्या दिवशी त्यानं काढलेला प्रत्येक काना वाकडा आला आणि सगळी ओळ पुसून पुन्हा काढावी लागली.

घोडेगावच्या सभेत काही झालं नाही. ओरखडे होते, पण लांबून कुणाला दिसले नाहीत. रूहीचं दुखणं लांबलं, त्यामुळे रुबिनाच्या लोणीच्या फेऱ्याही चुकत गेल्या. नंतर थंडी पडली, पहाटेचं दव पडायला लागलं आणि त्या जागी तपकिरी ठिपके उगवले. आधी मुगाएवढे, मग एकमेकांत मिसळून गेलेले. बाजारात बोलणं सुरू झालं की साळुबाईंची स्टीलची गाडी गंजली. बदरुद्दीनला ही बातमी एका व्यापाऱ्यानं दिली. त्या रात्री तो लवकर आणि गाढ झोपला.

मग साळुबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज खचला होता. लोक हसायला लागलेत, म्हणाल्या. रुबिनालाही बोलावलंय, पण तुमी येऊन बघा आन् सरळ रंगवून टाका.

त्याला हवं होतं ते समोरून चालत आलं होतं. रंग बसावा म्हणून पत्रा खरबरीत करायला लागतो, तो पॉलिश पेपर घेऊन आणि प्रायमरचा डबा घेऊन तो लोणीला पोचला. रुबिना आधीच आली होती. ती डागांवरून बोटाचं टोक फिरवत होती. गोरख लांब, विहिरीकडे तोंड करून उभा होता. साळुबाईंच्या बोलण्याचा रोख रुबिनाकडे होता. एवढा विश्वास टाकला आणि हे काय झालं, असं त्यांचं म्हणणं. रुबिनानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली की स्टील गंजलेलं नाही. कुणीतरी तारेचा ब्रश मारलाय, त्याचं लोखंड वर बसलंय.

साळुबाईंनी गोरखला हाक मारली. गोरख फार वेळ टिकला नाही. डांबराचं सांगितलं, आणि ब्रश बदरूचाचांच्या शेडमधला, त्यांनीच दिला, हेही सांगितलं.

सगळे बदरुद्दीनकडे वळले. तो काही बोलायच्या आत रुबिनाच बोलली.

"भाईजानना काय माहीत असणार? त्यांचं काम रंगाचं. त्यांनी मदत म्हणून दिला."

तिनं त्याला सांभाळून घेतलं होतं. घरची अब्रू घरात राहावी म्हणून, किंवा तिला खरंच तसं वाटलं म्हणून. साळुबाईंनीही मान डोलावली. व्हय, त्यांना कुठलं स्टीलमधलं कळायला, म्हणाल्या. तिथं गोष्ट मिटली असती. पण बदरुद्दीनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आपण वाईट वागलो हे तो गिळू शकला असता. या बाईला कळतं आणि आपल्याला कळत नाही, हे साळुबाईंच्या अंगणात, त्या पडवीसमोर ऐकून घेणं त्याला जमेना.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "लोखंड लावायचं नसतं ते मला माहीत होतं."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. रुबिनानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"मग टर्पेंटाइन का नाही दिलं?" तिनं विचारलं.

त्यानं प्रायमरचा डबा उचलून हातात घेतला. साळुबाईंनी पदर खोचला आणि पडवीची पायरी चढता चढता, त्याच्याकडे न बघता म्हणाल्या की यापुढं आमच्या गाड्या बेल्ह्याला येणार न्हाईत. आत जाताना त्यांनी रुबिनाला काय काय लागतं ते विचारलं.

परतीच्या एसटीला अजून वेळ होता. बदरुद्दीन कुंपणापाशी दगडावर बसून राहिला. त्याला कुणी हाकललं नाही आणि कुणी पाणीही विचारलं नाही. रुबिनानं कोमट पाण्यात लिंबूसत कालवलं, त्यात भिजवलेली फडकी डागांवर चिकटवली आणि ती सुकू नयेत म्हणून पुन्हा पुन्हा ओली करत राहिली. तपकिरी रंग फडक्यात उतरत गेला. मग स्वच्छ पाणी, मग प्लास्टिकची बारीक घासणी. तिचा हात डावीकडून उजवीकडे जायचा, उचलायचा, पुन्हा डावीकडून सुरू व्हायचा. स्टीलच्या रेघेत रेघ मिसळत होती. बदरुद्दीन ते बघत होता. अक्षराची लांब आडवी रेघ एका श्वासात ओढताना त्याचा हात असाच जायचा. हात चांगला आहे, हे त्याला दिसत होतं. चांगला हात ओळखायला शिकण्यातच त्याचा उभा जन्म गेला होता. आणि ते दिसलं म्हणून त्याचा जळफळाट कमी झाला नाही, उलट आणखी वाढला. तिला नुसतं नशिबानं मिळालंय, असं म्हणायचीही आता सोय राहिली नव्हती.

डाग गेले. ओरखडे मात्र पुरते गेले नाहीत. ऊन तिरकं पडलं की तिथं ताटाएवढी जागा मंद दिसायची. साळुबाईंनी ती तशीच राहू दिली.

घरी जोहराबीला आधीच कळलं होतं. तिनं वाढलं, समोर बसली आणि एवढंच म्हणाली, "रागाच्या भरात झालं असतं तर मला समजलं असतं. हे नाही समजत." अमन नंतर एकदा बेल्ह्याला येऊन गेला. शेडमध्ये बराच वेळ बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि निघताना, आपण भाऊ आहोत ना, असं काहीतरी पुटपुटला. पुढच्या ईदला तो एकटाच आला. रुबिनानं शिरखुर्म्याचा डबा पाठवला होता. जोहराबीनं तो सगळ्यांना वाढला. बदरुद्दीनच्या वाटीतला तसाच राहिला.

गाड्या रंगवायचं त्याचं काम चालूच आहे. बेल्ह्याचे बैलांचे टेंपो अजून त्याच्याचकडे येतात आणि बैलांचे डोळे अजून बघणाऱ्याला थांबवतात. गेल्या उन्हाळ्यात एकजण पाण्याचा नवा टँकर घेऊन शेडपाशी आला. टाकी स्टीलची होती आणि क्षारानं पांढरी पडत चालली होती. पेंटर, यावर काहीतरी इलाज करा, असं त्याचं म्हणणं. बदरुद्दीननं टाकीवरून बोट फिरवलं. यावर रंग मारून देतो, असं म्हणणं अगदी सोपं होतं आणि त्या माणसानं ते ऐकलंही असतं.

"हे माझं काम नाही," तो म्हणाला. "जुन्नरला बाजारपेठेत रुबिना बसते, तिला दाखवा. तोवर घासू नका, नुसतं पुसून घ्या, रेघेच्या दिशेनं."

माणूस नाव नीट विचारून घेऊन निघून गेला. बदरुद्दीन ब्रश धुवायला बसला. त्या दिवशी तो जोहराबीवर दोनदा विनाकारण खेकसला. जेवणात मीठ कमी आहे म्हणाला आणि ताट अर्धवट टाकून उठला.