विसापैकी अठरा

२१ एप्रिल १९९२, मंगळवार. नळाला पाणी पावणेसहाला आले. दूध नासले, त्याचा चोथा गाळून घेतला. हेमाने कैरी आणून दिली. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी आठवी बाटली फुटली. चार उरल्या.

मालनताई कर्णिकांनी डायरी मिटली. एवढंच लिहिण्यासारखं होतं. बाटली फुटल्यावर आपण स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून किती वेळ उभ्या होतो, हे त्यांनी लिहिलं नाही. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसने अकरा वर्षांच्या मालनला डायरी लिहायला शिकवलं होतं ते याच अटीवर: जे पाहिलं, ऐकलं, केलं तेवढंच लिहायचं. भीती वाटली, वाईट वाटलं, हे देवाला सांगायचं, वहीला नाही. त्या सवयीला पंचावन्न वर्षं झाली होती. खोपटच्या त्या दोन खोल्यांच्या घरात पलंगाखालची लोखंडी ट्रंक डायऱ्यांनी भरली होती, आणि त्यांत एकही ओळ खोटी नव्हती.

निदान नऊ मार्चपर्यंत नव्हती.

बाटल्या महिपतरावांच्या होत्या. महिपतराव म्हणजे त्यांचे यजमान, घोडबंदर रोडवरच्या एका बिअरच्या कारखान्यात केमिस्ट होते. पंधरा वर्षं त्यांनी कंपनीची बिअर चाखली आणि पंधरा वर्षं तिला नावं ठेवली. "साखरेचं पाणी आहे," म्हणायचे. हॉप्स नावाच्या वेलीची वाळकी बोंडं बिअरमध्ये घालतात, कडूपणा आणि वास त्यांच्यातून येतो. कंपनी ती चिमटीने घालायची, महिपतरावांना मूठभर हवी होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच सुरुवात केली. दर जानेवारीत, हवा थंड असताना, मोठ्या पातेल्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, उकळायचं, मूठ मूठ हॉप्स टाकायचे, काचेच्या मोठ्या बरणीत पंधरवडा आंबू द्यायचं आणि बारा बाटल्या भरायच्या. कंपनीच्या बिअरपेक्षा दुप्पट कडक आणि चौपट कडू. एप्रिलमध्ये पहिली बाटली उघडायची आणि तिघांनी मार्क द्यायचे.

तिसरा गुणाजी. हा बाळकुमचा कोळी, कारखान्यात टाक्या धुवायला लागला आणि पुढे महिपतरावांच्या हाताखाली आला. त्याची जीभ यंत्रापेक्षा बरी, असं महिपतराव म्हणत. मार्क द्यायची रीत ठरलेली होती. भाकरीचा कोरडा तुकडा चावायचा, पाण्याने चूळ भरायची, घोट घ्यायचा आणि एकही शब्द न बोलता चिठ्ठीवर आकडे लिहायचे. वास, फेस, कडूपणा आणि मागे राहणारी चव, प्रत्येकी पाच. मग चिठ्ठ्या उघडायच्या आणि भांडायचं.

सहा वर्षांत मालनताईंनी चौदाच्या वर कधी मार्क दिले नाहीत.

"अगं, बाहेरच्या देशात हिला मेडल मिळेल," महिपतराव म्हणायचे.

"मग तिथे पाठवा. इथे तेरा."

"गुणाजी, माझ्या नशिबी ही शाळामास्तरीण आली बघ."

यंदाची बिअर भरली तेव्हाच महिपतरावांना धाप लागत होती. मार्चमध्ये त्यांना दवाखान्यात ठेवलं. नऊ तारखेला सकाळी डॉक्टरांनी मालनताईंना बाहेर बोलावून सांगितलं, की आता दिवस मोजायचे. त्या खोलीत परत आल्या, तर महिपतराव उशीला टेकून बसले होते.

"एक बाटली उघडून बघितलीस?" त्यांनी विचारलं.

बाटली उघडायला अजून महिना होता. मालनताई म्हणाल्या, "हो. काल."

"किती?"

"अठरा."

महिपतरावांनी त्यांना नीट न्याहाळलं. मग हसले आणि डोळे मिटले. त्या संध्याकाळी मालनताईंनी डायरीत लिहिलं: ह्यांच्या बिअरला विसापैकी अठरा मार्क. तोंडाने सांगितलेलं वहीत नसेल तर ते दुप्पट खोटं होईल, असं काहीतरी त्यांना तेव्हा वाटलं असावं. अकरा तारखेला, दुपारी तीन चाळीसला, महिपतराव गेले.

आणि एप्रिलच्या दोन तारखेला, बाटल्या ठेवलेल्या फडताळाचं दार बंद असताना, आतून कुणीतरी मूठ आपटावी तसा आवाज झाला. मालनताईंनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

आवाजापेक्षा वाईट होता तो वास. दाराच्या फटीतून तो घरभर आला. पपनसाची साल, ओलं गवत आणि खाली काहीतरी कडवट. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी साडेसहाला महिपतराव हाच वास अंगावर घेऊन दारात उभे राहत असत. मालनताईंचा हात कडीकडे गेला. दार उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण फडताळाचं नाही, घराचं दार उघडलं आहे. जिन्यात कुणी नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक, कधी लागोपाठ दोन. प्रत्येक वेळी दुपारीच. कधी साडेतीनला, कधी चारला, पण त्यांच्या मनाने तीन चाळीसच धरलं. तीन वाजले की त्या हातातलं काम ठेवून फडताळासमोर बसत. आतून कुणी काही विचारत होतं आणि काय विचारत होतं, ते त्यांना ठाऊक होतं. किती? खरं सांग, किती?

मंगळवारी आठवी फुटली तेव्हा शेजारची हेमा आवाज ऐकून धावत आली होती.

"काकू, काकांची काहीतरी इच्छा राहिली असणार. शांत करून घ्या. आमच्या मामांच्या वेळी असंच भांडी पडत होती."

"इच्छा राहिली असती तर बोलून दाखवली असती. आयुष्यभर दाखवली."

"तरी पण काकू, एकट्या राहता तुम्ही..."

"एकटी कुठे? चार बाटल्या आहेत ना."

हेमाला हसावं की घाबरावं ते कळेना. ती तशीच परत गेली. मालनताईंना मात्र हसू आलं नव्हतं. बाटल्या संपत चालल्या होत्या. शेवटची फुटली की त्या बिअरला खरे मार्क किती मिळाले असते, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. मरणाऱ्या माणसाला आपण खोटं सांगितलं, का नकळत खरं सांगितलं, हे न कळताच राहायचं. ती बिअर चाखायलाच हवी होती आणि त्यांचा एकटीने बाटलीला हात लावायचा धीर होत नव्हता. त्यांनी बाळकुमला पोस्टकार्ड टाकलं.

शुक्रवारी गुणाजी सायकलवरून आला. कॅरियरला गोणपाटात बांधलेला मासळीचा बर्फ आणि हँडलला खाडीतल्या निवटे माशांची पिशवी.

"निवटे आता गावत नाय वयनी, खाडीत सगलं कारखान्याचं पानी. ह्ये तुमच्यासाठी मुद्दाम धरलं." मग त्याने फडताळ उघडलं. तोवर आणखी एक फुटून तीन बाटल्या उरल्या होत्या. खालच्या फळीवर काचा, चिकट डाग. त्याने डागाला बोट लावून जिभेवर टेकवलं.

"वयनी, बाटल्या भरल्या तवा तुमी साखर घातली?"

"घातली की. दर वर्षी मीच घालते. बाटलीला चहाचा एक चमचा."

गुणाजीने बोट सदऱ्याला पुसलं. "म्यापन घातली."

बाटलीत फेस यावा म्हणून भरताना थोडी साखर घालतात. ती आत पुन्हा आंबते आणि बुचाखाली जोर धरते. मालनताई ती भरलेल्या बाटलीत चमच्याने घालत, मग बूच दाबत. यंदा महिपतरावांनी गुणाजीला हळूच सांगितलं होतं, की बरणीतच पाक करून ओत, तिला बारा वेळा वाकायला नको. आणि मग औषधाच्या गुंगीत ते झोपून गेले. गुणाजी मोरीत बसून बाटल्या भरत होता, मालनताई ओट्यापाशी साखर घालून बुचं लावत होत्या, आणि दोघांच्याही तोंडाला फडकी बांधलेली होती. बिअर भरताना कुणी तोंड उघडायचं नाही, श्वासातून जंतू जातात, हा महिपतरावांचाच कायदा. दोन तास दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

"म्हणजे..."

"म्हंजे भूत नाय वयनी, साखर हाय. दुपारचा छपराचा पत्रा तापतो, फडताल तापतं, बाटली फुटते."

मालनताईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. विचारणारा गेला होता, प्रश्न मात्र तिथेच होता.

गुणाजीने बादलीत बर्फ भरून बाटल्या तासभर पुरून ठेवल्या. मग मोरीत उकिडवं बसून पहिलीला ओलं फडकं गुंडाळलं आणि बूच काढलं. बिअर सरळ छताला लागली. बाटलीत बोटभरही राहिली नाही. दुसरी बर्फातून उचलतानाच बुडाला तडकली. तिसरीचं बूच त्याने इतकं हळू सैल केलं, की पाच मिनिटं नुसता सुस्कारा येत राहिला. शेवटी दोन ग्लासांत चार-चार घोट आले, गढूळ, तांब्याच्या रंगाचे.

"दारूचं परमिट हाय ना वयनी?"

"आहे. तुझं?"

"माजं कवाच संपलं."

भाकरीचा तुकडा, चूळ, घोट. वास नाकात शिरला आणि मालनताईंनी डोळे मिटले नाहीत. मुद्दाम उघडे ठेवले. जिभेच्या टोकाला जळक्या साखरेची किंचित गोडी, मग कडुनिंबाच्या कोवळ्या पानासारखा कडूपणा थेट मुळापर्यंत, मग घशात ऊब. पण मागून गुरांच्या आंबोणासारखी आंबूस, उग्र चव आली आणि ती गेली नाही. जास्तीची साखर तिथे बसली होती. त्यांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि पेन्सिल उचलली.

चिठ्ठ्या उघडल्या. गुणाजीचे चौदा. मालनताईंचे बारा: वासाला पाच, फेसाला शून्य, कडूपणाला चार, मागच्या चवीला तीन.

"वासाला पाच?" गुणाजी म्हणाला. "तुमी पाच कवा कशाला दिलंच नाय."

"होते पाच, म्हणून दिले."

"आनि फेस तर सगला छताला गेला. त्याचे मार्क छताला द्या. पाच धरा की."

"धरले तरी सतराच होतात."

"सतराच का म्हंता? कुनाशी ताडून बघताय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. दवाखाना, डॉक्टर, अठरा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला सांगत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांना खरं वाटलं असेल का रे, गुणाजी?"

"वाटलंच असंल की," गुणाजी चटकन म्हणाला. मग त्याची नजर स्वतःच्या हातातल्या चिठ्ठीवर गेली. त्याने ती उलटी केली, सुलटी केली. "नाय वयनी. नाय वाटलं. दाहा तारखेला तुमी आंघोलीला घरी आलेलात, तवा मी साहेबांजवल बसलेलो. मना म्हनाले, मालननं अठरा दिले. मी म्हटलं, अरे वा. तर हसले. म्हनाले, अरे, लग्नाला बेचालीस वर्षं झाली, तिनं अठरा दिले म्हंजे बाटली उघडलीच नाय. आनि मालन खोटं बोलते म्हंजे..." तो थांबला.

"म्हणजे काय?"

"म्हंजे डाक्टरनं तिला सांगितलंय. म्हनाले, आता फार दिवस नाय, गुणाजी."

मोरीत छतावरून एक थेंब पडला, मग दुसरा.

"डॉक्टरांनी त्यांना सांगितलं नव्हतं," मालनताई म्हणाल्या. "मी बजावलं होतं, सांगू नका म्हणून."

"हां."

"म्हणजे मीच सांगितलं."

गुणाजीने आपली चिठ्ठी दुमडून खिशात ठेवली.

"रागावले होते?"

"नाय वो. रागवून काय... पन रातभर जागेच होते, नर्स सांगत होती."

तो गेल्यावर मालनताईंनी मोरी धुतली, काचा कागदात गुंडाळल्या, निवटे साफ करून हळद-मीठ लावून ठेवले. फडताळ रिकामं झालं होतं. उद्या दुपारी त्यातून काहीही फुटणार नव्हतं, आणि त्या शांततेत आपण कुठे बसायचं, हे त्यांना ठरवता येईना. वास अजून होता. खिडक्या उघडल्या तरी तो दाराच्या बाजूलाच दाटून राहिला.

दिवेलागणीला त्यांनी नऊ मार्चचं पान काढलं. लिहिलेलं खोडायचं नाही, हीही सिस्टर ॲग्नेसचीच अट. पान तसंच ठेवून त्यांनी आजचं उघडलं आणि लिहिलं:

२४ एप्रिल १९९२, शुक्रवार. गुणाजी आला होता. ह्यांच्या बिअरला माझे बारा, त्याचे चौदा. बाटल्या संपल्या. मोरीच्या छताला मुंग्या लागल्या आहेत. उद्या स्टूल आणून पुसायचे.